हुबेहूब

रिंगबाहेर माणसावर हात उचलणार नाही, या एका शब्दापायी त्या नामांकित बॉक्सरने सैन्यात जायला नकार दिला होता आणि दोन वर्षं तुरुंग भोगला होता. तो गेल्यावर आता त्याच्यावर सिनेमा निघत होता. शूटिंगआधी दिग्दर्शक नायकाला घेऊन बॉक्सरच्या बायकोला भेटायला आला.

"काकू, सहा महिने घासलंय पोराने. तुम्ही फक्त बघा, चुकलं तर कान धरा."

काकू शेंगा सोलत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ह्यांच्यासारखे हेच. नक्कल करून का कुणी तसं होतं?"

नायक दारातून आत आला. खांदे पाडलेले, मान किंचित डावीकडे. त्याने मनगटावरचं घड्याळ काढलं, हलकेच टेबलावर ठेवलं आणि बाह्या वर सारल्या.

"जुन्या फिती बघून बघून शिकलाय. झुंजीआधी ते असंच करायचे ना?" दिग्दर्शकाने खुशीत विचारलं.

काकू केव्हाच उठल्या होत्या. चाळीस वर्षांच्या सवयीने त्या एकेक खिडकी लावून घेत होत्या, शेजारी आवाज जाऊ नये म्हणून.