पिवळ्या पाटीची गाडी

"मॅडम, चावी द्या," शेषराव तिसऱ्यांदा म्हणाला.

डॉक्टर नीलम यांनी टेबलाच्या ड्रॉवरवर ठेवलेला हात उचलला नाही. आतल्या खाटेवर जमुना पडली होती. सकाळी वांगी तोडता तोडता तिच्या उजव्या हाताला घोणस चावली होती. विषावरची इंजेक्शनं देऊन झाली, तरी सूज मनगट सोडून कोपराकडे चढतच होती. आता अमरावती गाठणं भाग होतं. तालुक्याची ॲम्ब्युलन्स दुसरा पेशंट घेऊन अकोल्याला गेलेली. आणि इथे, आरोग्य केंद्राच्या अंगणात, एक कोरी करकरीत ॲम्ब्युलन्स उभी होती.

शेषराव तिचाच ड्रायव्हर. चार महिन्यांत त्यानं तिला फक्त धुतलं होतं. एका ट्रस्टनं दान दिलेली गाडी, पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत तात्पुरता नंबर घेऊन आली. कायमचा नंबर कोणाच्या नावावर काढायचा, यावर ट्रस्ट आणि सरकारी ऑफिस यांच्यात पत्रं सुरू झाली. पत्रं चालूच राहिली, मुदत तेवढी संपली.

"मुदत संपलेली गाडी रस्त्यावर काढता येत नाही, शेषराव. काही झालं तर विमा नाही. लेखी आदेश आहे, खाली माझी सही आहे."

"जे होईन ते माह्या डोक्शावर. लिहून देतो. हात पाहा ना जी तिचा."

"पाहतेय मी," मॅडम म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

जमुनाचा नवरा गोपाल दाराशी उभा होता. नियमाचं त्याला काही कळलं नाही. ही गाडी आपल्यासाठी नाही, एवढं कळलं. अकोटच्या बाजारात भाजी घेऊन गेलेल्या भावाला त्यानं फोन लावला. त्याचा भाजीचा टेम्पो यायला सव्वा तास लागला. मागच्या पत्र्यावर, रिकाम्या कॅरेटांच्या मधे, पोती अंथरून जमुनाला निजवलं. सलाइनची बाटली धरायला कोणी नव्हतं, म्हणून शेषराव चढला. कुजक्या टमाट्यांच्या वासात, एका हातानं दांडी पकडून तो अमरावतीपर्यंत उभा राहिला. प्रत्येक खड्ड्याला जमुना कण्हायची. वलगावच्या पुढे तिनं कण्हणंही सोडलं.

जीव वाचला. दोन बोटं काढावी लागली. मोठ्या दवाखान्यातला डॉक्टर गोपालला एवढंच म्हणाला, "जरा आधी आणायचं होतं."

अकराव्या दिवशी ट्रस्टचा नितेश मोटारसायकलवरून आला. ट्रस्टचे अध्यक्ष भाऊसाहेब यांचा वाढदिवस होता. अमरावतीच्या मैदानावर ॲम्ब्युलन्सचं लोकार्पण करायचं ठरलं होतं.

"लोकार्पण त झालं ना चार महिन्यामांगं?" शेषरावनं विचारलं.

"ते गाडीचं झालं. हे आतल्या ऑक्सिजनचं."

"अन् नंबराचं काय?"

नितेश हसला. भाऊसाहेबांचा हात जोडलेला फोटो असलेलं फ्लेक्स त्यानं पुढच्या पिवळ्या पाटीवरच ताणून बांधलं. "कुठी आहे नंबर? दिसते काय तुले?"

मॅडमना वरून फोन येऊन गेला होता. या वेळी त्यांनी ड्रॉवर उघडला. चावी शेषरावच्या हातात न देता टेबलावर ठेवली आणि रजिस्टरमध्ये डोकं घातलं.

मागे ट्रस्टची सहा पोरं चढली. स्ट्रेचरवर प्लॅस्टिकचं वेष्टण होतं तसंच होतं, त्यावर त्यांनी आलुबोंड्यांचं खोकं ठेवलं आणि भोवती बसून खायला लागली. वलगावच्या अलीकडे गर्दी लागली तसा नितेश म्हणाला, "सायरन वाजव."

"पेशंट कुठी आहे?"

"वाजव म्हटलं ना. कार्यक्रमाले उशीर होऊन राहिला."

शेषरावनं बटण दाबलं. पुढचे ट्रक बाजूला झाले, एस.टी. थांबली. लेकराला सायकलवर बसवून चाललेला एक म्हातारा कच्च्यात उतरला, आणि गाडी जवळून जाताना त्यानं आत असेल त्या जिवासाठी हात जोडले. मागे कोणीतरी हिरवी मिरची मागत होतं. शेषरावनं सायरन बंद केला नाही. त्याची त्यालाच किळस आली, तरी गाडी तो चालवतच राहिला. चौकातल्या शिपायानं बाकीची वाहनं अडवली आणि यांना हात दाखवला, या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो अंगणात गाडी धूत होता. प्लॅस्टिकखाली तेल झिरपलं होतं, स्ट्रेचरच्या गादीवर पिवळा डाग पडला होता. साबण लावून, नखानं खरवडूनही डाग हटेना.

जमुना पट्टी बदलायला आली होती. गोपाल मागे होता. तिचा उजवा हात गळ्यात बांधलेला, डाव्या हातात वांग्यांची पिशवी. ती तिनं शेषरावपुढे धरली.

"भाऊ, तुमी बाटली धरून उभे होते म्हने. मले त काई शुद्ध नोती."

त्यानं ओले हात पँटीला पुसले, पण पिशवी घेतली नाही.

जमुनाचं लक्ष गाडीकडे गेलं. तिनं उघड्या दारातून आत वाकून पाहिलं. "बाई, किती मोठी आहे! आता लोकाइचे हाल नाही व्हनार. कालच आनली काय जी?"

गोपालनं मान खाली घातली. या गाडीबद्दल तो घरी काही बोललाच नव्हता.

"चार महिने झाले," शेषराव म्हणाला. "तुमाले आणलं, तवा इथंच उभी होती."

जमुना सरळ झाली. एकदा गाडीकडे, एकदा नवऱ्याकडे, मग शेषरावकडे तिनं पाहिलं. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच समजून घ्यायचं होतं.

"मंग?" तिनं विचारलं.