आठ मिनिटांचा केदार

“उजेड कमी करा आदी,” महादेवीबाईंनी दटावलं. “लई बॅटरी खातो त्यो.”

मेस्त्रीनं लॅपटॉपचा पडदा मंद केला.

वायर लावायची जागा कधीच जळाली होती. लाइट असेल तेव्हा मेस्त्री बॅटरी आपल्या दुकानात दुसऱ्या मशीनवर भरायचा आणि रोज सकाळी घेऊन यायचा. बॅटरीचं पथ्यपाणी बाईंना तोंडपाठ. उन्हातून आणली की आधी माठाशेजारी गार करायची, पार संपू द्यायची नाही. एवढं जपूनही चाळीस मिनिटांची ती आठावर आली होती.

लॅपटॉपमधल्या व्हिडिओत होता केदार, त्यांचा एकुलता एक. पुण्याला नोकरीला गेलेला, दाट केसांचा, हसरा. “आई, कपिलधारच्या यात्रेला न्यायला येतो तुला,” एवढंच तो बोलायचा. बाई तेच परत परत लावायला सांगायच्या. तेवढ्यावर त्यांचा दिवस निघायचा.

मेस्त्री मात्र भारी आगाऊ. टक्कल पडलेला, घुमा. चहाला बसला की साखरेचा डबा न विचारता फळीवरून काढायचा. वर आई म्हणायचा! धंदा म्हटलं की गोड बोलावंच लागतं, असं बाईंना वाटायचं.

“नवी बॅटरी मिळंना का?”

“औरंगाबादपर्यंत हिंडलो. ह्याचं कायबी येत न्हाई आता.”

“माझा केदार कावून येईना हो? एसटीडीवरून फोन तरी करावा!”

मेस्त्रीनं लॅपटॉप बंद केला आणि बॅटरी काढून पुसत राहिला.

“तुमची आई हाय का?”

“हाय.”

“मग तिच्यापाशी बसावं जरा. लोकाच्या घरी काय बसता रोज?”

“बसतो की,” तो म्हणाला.

त्यानं बॅटरी परत बसवली. केदार दिसला. “आई, कपिलधारच्या...” आणि पडदा काळा झाला. मेस्त्रीनं बॅटरी काढली, पुसली, परत बसवली. चार वेळा. काही नाही.

“संपली,” तो म्हणाला.

बाईंनी लॅपटॉप मिटला आणि पदरानं पुसला.

“गेलं माझं लेकरू. आता तुमचंबी काम संपलं, मेस्त्री. उद्यापासनं यायचं न्हाई. एकट्या बाईच्या घरी परका माणूस, लोक काय म्हणतील?”

“आई, ऐक...”

“जावा म्हणते ना!”

तो बाहेर पडताच त्यांनी आतून कडी घातली. तो अंगणातच उभा राहिला.

शेजारच्या ओट्यावरून साखराबाईंनी हाक मारली, “केदार, जेवायला ये बाबा. आज तरी वळखलं का रं आईनं?”