स्कीवरचं मेण

देवाच्या कृपेनं हिवाळी सुट्टीभर लख्ख ऊन होतं. वाल्द्रेसच्या डोंगरात आमचं तान्हं बाळ, आस्लाक, इथल्या सगळ्या बाळांसारखं दुपारी घराबाहेरच झोपायचं, बर्फावरच्या ओढगाडीत, मेंढीच्या कातड्यात गुंडाळलेलं.

दाराशी उभ्या केलेल्या स्कींना बर्फावर नीट घसराव्यात म्हणून लावलेलं मेण मात्र रोज कुणीतरी चाटून टाकत होतं. आज मी हातमोजा काढून हात फिरवला, तर कोमट, बुळबुळीत लाळ तार धरून बोटांबरोबर आली. वास कुजक्या मासळीचा.

"कोल्हा असेल गं," नवरा, एइविंद, आतून म्हणाला. "तुझ्या रश्शापेक्षा मेण बरं लागलं असेल त्याला."

"रस्सा तू केला होतास. आणि कोल्ह्याची पावलं कुठायत?"

तो दारात आला आणि हसायचा थांबला. आमच्या बुटांखेरीज बर्फावर एकही ठसा नव्हता.

मी बाळाकडे धावले. आस्लाक जागा होता, अगदी शांत. गाल ओले, चकचकीत. जावळ एकाच बाजूला चापून बसवलेलं. तोच वास.

"परमेश्वरा!" म्हणत मी हातमोज्यानं त्याचा गाल खसाखसा पुसला.

तेव्हा कुठे तो रडायला लागला. माझा हात ढकलून तो रिकाम्या रानाकडे वळला आणि नुकताच पुसलेला गाल त्यानं पुढे केला.