पेटलेलं झुडूप

चर्चच्या बोधचिन्हातलं पेटलेलं झुडूप नरहरी पेंटरनं मन लावून रंगवलं. ज्वाळा केशरी, पानं काळी.

पादरीसाहेब बघायला तात्यापारा मोहल्ल्यातल्या त्याच्या घरी आले. म्हणाले, "भैया, पत्ते हरे चाहिए. ये झाड़ी जलती है, पर राख नहीं होती. यही तो इसका मतलब है."

"आगीत हिरवं राह्यलेलं झाड मी तं कधी पाह्यलं नाही, साहेब. कसं काढू?"

तेवढ्यात त्याची मुलगी निधी घरातून बाहेर आली. सासरच्यांनी तिला पेटवून दिलं होतं. मानेवरच्या त्या व्रणांवर आज वकिलीचा पांढराशुभ्र बँड होता.

"बाबा, येते. आज माही पहिली केस आहे."

तिची स्कूटी दिसेनाशी होईपर्यंत नरहरी पाहत राहिला. मग त्यानं हिरव्या रंगाचा डबा उघडला.