देवीवरचं कापड

"थांबलीस का? वाच," तानी भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली.

प्रियंकाने मांडीवरचं पुस्तक मिटलं. मासवणच्या त्या घरात उद्या तिच्या भावाचं लग्न होतं, आणि तिची आजी तानी तांदळाच्या पिठाने भिंतीवर लग्नाचा चौक, मधोमध देवी असलेलं चौकोनी चित्र, काढत होती. चौक सवाशिणीनेच काढायचा. तानीचा नवरा चिंधू ओटीवर खोकत बसला होता. "माझ्या चौकासाठीच टिकलाय म्हातारा," ती येईल त्याला सांगायची.

बोईसरहून कामावरून आली की प्रियंका तिला एक कादंबरी वाचून दाखवायची. चौक काढणाऱ्या एका बाईच्या आयुष्याची. लेखक मध्येच घुसून सांगायचा, ही बाई कुठंच नव्हती, मी बनवली. तानीला त्याचीच गंमत. "बनवली म्हणतो, न् तिच्या कमरेत कळ कुठं उठते ते बी याला ठावं. लबाड हाय मेला."

मग पुस्तकातल्या बाईने विळ्याने बोट कापून घेतलं. ते तानीच्याच वाकड्या बोटासारखं वाकडं राहिलं. तानी हसली. पुढे त्या बाईचा उजवा हात जड झाला, आणि दुसऱ्याच सकाळी तानीच्या हातून तांब्या सुटला. तेव्हापासून ती हसत नव्हती. पण ऐकणं काही सोडवेना.

"आजी, राहू दे आज."

"शेवट बघून आलीस तू. मरते ना ती?"

प्रियंका पुटपुटली, "बसमध्ये वाचला. चौक पुरा होतो, तिचा हात गळून पडतो न् ती मरते. देवीसमोरच."

चौकात आता देवीचं तोंड तेवढं उरलं होतं. अर्ध्या चौकावर नातवाचं लग्न लावणाऱ्यांतली तानी नव्हती. तिने काडी पिठात बुडवली आणि तोंड काढलं. हात खांद्यापर्यंत बधिर झाला.

भगत येऊन कापड काढेपर्यंत देवीचं तोंड झाकून ठेवायची रीत. तानीने कापड घेतलं, दातांत धरून टरकन फाडलं. अर्धं देवीवर टाकलं. अर्धं प्रियंकाच्या मांडीवरच्या पुस्तकावर.

"लय बघितलंस रे," ती पुस्तकातल्या लेखकाला म्हणाली. "आता बस अंधारात."

हात धुताना तांब्या तिच्या मुठीत घट्ट राहिला.

लग्न लागलं. भगताने देवीवरचं कापड काढलं. पुस्तकावरचं काढायला तानीने कुणाला सांगितलं नाही. ती मांडवात नवरीच्या आईला टोमणे मारत होती, दोन्ही हात नाचवून.

प्रियंका घरात एकटीच होती. तिने कापडाचा कोपरा जरासा उचलला आणि शेवटचं पान बोटाने वर केलं. बाईचं मरण तिथं नव्हतं. कोऱ्या पानावर खाली दोनच ओळी छापलेल्या होत्या.

"कापड पुरं काढ, पोरी. मला दिसत नाही.

आजीला सांगू नकोस."