हरकत

“आई, आधी उबी राहा. मग नाव, मग गाव. मग म्हण, माझी हरकत हाय, लिवून घ्या.”

सारजाबाई उभी राहिली. नाव सांगितलं, गाव सांगितलं आणि सवयीनं म्हणाली, “हरकत न्हाई.”

मोहिनीनं कपाळावर हात मारला. ती अंबाजोगाईला वकिली शिकत होती आणि पर्यावरण कायदा हा तिचा सगळ्यात आवडता विषय. सारजाबाई ज्या गायरानात शेळ्या चारायची, तिथं दगडाची खाण निघणार होती. त्या खाणीची जनसुनावणी उद्या. हरकत तोंडीही नोंदवता येते, हे मोहिनीनं आईला कितीदा तरी समजावलं. पण सारजाबाईची जीभ वळेल तर शपथ! शेजारणीनं उसनं नेलेलं पातेलं पोचे पाडून आणलं, हरकत न्हाई. दिरानं बांध कोरला, हरकत न्हाई.

“चार मानसांत असं तोंडावर कशाला बोलावं गं?” सारजाबाई म्हणाली.

“मग गायरान गेलंच समज,” मोहिनी वैतागली. तेवढ्यात पाहुणे आले आणि सारजाबाई दाराआड गेली.

पाहुणे मोहिनीला बघायला आले होते. मुलाचे वडील राधाकिशन बागायतदार, बोलायला गोड. चहा झाला, पसंतीही झाली. मोहिनीचे वडील मुंजाजी सुखावले. मग राधाकिशननी कप खाली ठेवला.

“पोरगी गुनाची हाय. फकस्त लग्नानंतर कालेज बंद. हरकत न्हाई ना?”

मोहिनीला वकील व्हायला अजून दोन वर्षं होती. तिनं वडिलांकडे पाहिलं. एवढं चांगलं स्थळ हातचं जाईल, म्हणून मुंजाजी खाली मान घालून चटईची काडी मोडत बसले. राधाकिशननी हसून दाराकडे पाहिलं.

“काय विहीणबाई?”

विहीणबाईंचं उत्तर मोहिनीला पाठ होतं. तिला आईचा रागच आला. तिनं डोळे मिटून घेतले.

सारजाबाई दाराआडून बाहेर आली. पदर सावरून सगळ्यांसमोर सरळ उभी राहिली.

“मी सारजाबाई मुंजाजी कोकरे, राहनार उमापूर. माझी हरकत हाय. लिवून घ्या.”