मिठाचा अंदाज

"नातू नुसता काटकुळा झालाय," असं फोनवर रोज म्हणणाऱ्या सासूबाई आज बिझर्तहून आमच्याकडे रोजा सोडायला येणार होत्या. निदान त्यांच्यासमोर इल्यासनं चार घास खावेत, म्हणून मी मुद्दाम मलईच्या सॉसमधलं चिकन केलं. रोजा असल्यानं मला चव घेता येईना, तेव्हा मीठ बघायला चार वर्षांच्या इल्यासलाच बोलावलं.

"बरोबर आहे का रे?"

"कळलं नाही, उम्मी. अजून एक तुकडा दे."

असं सहा वेळा झालं. एरवी एका घासासाठी घरभर पळवणारं पोर खातंय, म्हणून मीही देत राहिले.

अजान झाली. सासूबाईंनी पहिला घास पुढे केला आणि इल्यासनं तोंड घट्ट मिटून घेतलं.


"पोराला तुझ्या हातचं रुचतच नाही गं," त्या म्हणाल्या, "ईदपर्यंत मी नेते त्याला."